पुरी केलेली बोट

उत्तनमध्ये बोट रंगवावी तर बर्नडेटनेच. चौथीत शाळा सुटली तिची, पण ब्रश कधी सुटला नाही. बोटीच्या नाळेवरचे, म्हणजे पुढच्या टोकावरचे, निळे-पिवळे पट्टे ती दोरी न लावता ओढायची, आणि कुणी कौतुक केलं की म्हणायची, "आता कळलं काय तुला?" त्यामुळे धाकटा मुलगा ग्लेन चित्रकार निघाला यात तिला नवल वाटलं नाही. श्रेय मात्र तिने पुरतं घेतलं.

ग्लेन आठ वर्षं नॉर्वेच्या जहाजावर होता. तिथल्या म्हाताऱ्या खलाशांकडून त्याने गोष्टी ऐकल्या: जगाला वेढून बसलेला समुद्रातला साप, डोंगर होऊन पडलेले राक्षस. नोकरी सोडून आला तो पेटीभर रंग घेऊन. मग चितारले ते काळे कडे, फाटलेलं आभाळ, घराएवढ्या लाटा आणि लाटांपुढे तांदळाच्या दाण्याएवढा माणूस. मुंबईहून लोक बघायला येऊ लागले. येत्या रविवारी चर्चच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरणार होतं. बर्नडेट बाजारात गिऱ्हाइकाला ऐकवायची, "बोंबील नंतर. आधी सांग, माझ्या ग्लेनचं चित्र बघितलंस?"

सगळ्यात मोठ्या चित्रात एक माणूस बोट वल्हवत होता. पाठमोरा. आणि बोट अर्धीच होती, मधून चिरल्यासारखी.

शेजारीण स्टेफनी हसली. "काय गो बर्नडेट, रंग संपला काय पोराचा?"

हे बर्नडेटच्या वर्मी बसलं. गुरुवारी ग्लेन फ्रेम आणायला काशीमीऱ्याला गेला, तशी तिने बोटीच्या रंगाचे डबे काढले आणि दुपारभर बसून उरलेली बोट पुरी केली. तिच्या हाताला घरची बोट सोडून दुसरी ठाऊक नव्हती. तेच पट्टे उतरले. बिननंबरची बोट कधी पाण्यात टाकायची नसते, म्हणून नंबरही घातला, विल्सनच्या बोटीचा. विल्सन तिचा थोरला. मंगळवारपासून समुद्रात होता.

ग्लेन आला, त्याने बघितलं, आणि फ्रेम हातातून सुटली.

"आये, तो त्या खलाशांच्या गोष्टीतला बुडालेला माणूस हाय. बोट अर्धी म्हणून त्याला किनारा लागत न्हाय. काय केलंस तू?"

"काय केलं? लाज राखली तुझी!"

त्याच संध्याकाळी वारा फिरला. शुक्रवारी सगळ्या बोटी परतल्या, विल्सनची नाही. वायरलेसवर नुसती खरखर. ग्लेन टर्पेंटाइन आणि कापूस घेऊन आईने जोडलेली अर्धी बोट पुसायला बसला. घासून घासून बोटं सोलली, पण कापूस पांढराच राहिला.

बर्नडेट किनाऱ्यावर ताठ उभी होती. "माझा विल्सन हाय तो. येतो का न्हाय बघा."

शनिवारी दुपारी बोट आली. इंजिनाचा आवाज नव्हता. वर विल्सन एकटाच.

"बाकीचे कुठं?" स्टेफनीने विचारलं.

"मागून येतात."

बर्नडेटने नाळेवर हात ठेवला. तळहात पिवळा झाला. उन्हाने रंग सुटला असेल, तिने मनाशी म्हटलं, आणि तोच हात पुढे करून मुलाचा हात धरला. बर्फातल्या मासळीसारखा थंड.

"बघितलात? हा माझा मुलगा!" तिने सगळ्या गावाला ऐकवलं.

"आये, थांब जरा," ग्लेन म्हणत राहिला. तिने ऐकलं नाही.

उंबऱ्याशी विल्सन थांबला. तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

"ये बाबा, घरात ये."

तेव्हा तो आत आला.

तिने सुरमई वाढली. तो जेवू लागला. काटे बाजूला काढत नव्हता.

ग्लेनचा फोन वाजला. त्याने ऐकलं आणि फोन आईच्या कानाला लावला.

"आये, विल्सन बोलतोय. इंजिन बंद पडलेलं. अर्नाळ्याच्या बोटीने ओढून आणलं. सगळे बरे हायत. उद्या घरी येतो."

बर्नडेटने समोर जेवत बसलेल्याकडे बघितलं.

गावासमोर काढलेला शब्द तिने जन्मात मागे घेतला नव्हता. तिने भाकरी उचलली आणि त्याच्या ताटात ठेवली.

त्याने मान वर केली नाही.

"सावकाश ये म्हणावं त्याला," तो म्हणाला.