चटईखालची तबकडी

बसा. लाईट गेलीय, म्हणून हा दिवा. भाचा लांज्याहून निघालाय. तो येईपर्यंत एवढं सांगून टाकतो, नंतर मला सांगायला तोंड राहील असं वाटत नाही.

दिवाळीनंतरच्या रविवारी मी पावसला गेलो होतो, दीपककडचा जुना रेकॉर्ड प्लेअर आणायला. दीपक माझा शाळेपासूनचा मित्र. तो बोटीवर नोकरीला लागला आणि मी इथे रत्नागिरीत रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान टाकलं. योगिनीला, म्हणजे माझ्या बायकोला, सख्खा भाऊ नाही. आमच्या लग्नात माझा कान पिळायला दीपकच उभा राहिला, आणि असा पिळला मेल्यानं की दोन दिवस कान लाल होता. तेव्हापासून दर भाऊबीजेला ती त्याला ओवाळते. त्या रविवारच्या आधी दोनच दिवस ओवाळलं होतं.

प्लेअर त्यानं गेल्या शिमग्याला लांज्याच्या एका भंगारवाल्याकडून घेतला होता. लाकडी पेटी, जड लोखंडी थाळी, जुन्या घडणीची मोटर. असलं यंत्र बघितलं की माझे हात शिवशिवतात. "न्हे तू. इथं कोण ऐकतंय?" दीपक म्हणाला. ते खरंच होतं. त्याच्या बायकोची, विमलवहिनींची, वाचा आठ महिन्यांपूर्वी अचानक गेली होती. मुंबईपर्यंत डॉक्टर झाले, घशात दोष काही सापडला नाही. घरात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता असायची.

पेटी गाडीत ठेवायच्या आधी दीपकनं तिच्यावर नारळ ठेवला आणि हात जोडून गाऱ्हाणं घालायला लागला. आमच्याकडे नवी होडी पाण्यात घालताना, आंब्याची पहिली पेटी भरताना, कशालाही गाऱ्हाणं घालतात, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. तो अगदी हळू पुटपुटत होता आणि माझं लक्ष थाळीखालचा पट्टा शिल्लक आहे की नाही तिकडे होतं. गाऱ्हाणं घालणारा थांबला, की आपण "व्हय म्हाराजा" म्हणायचं. लहानपणापासून देवळात हेच केलेलं, त्यात विचार करायचा नसतो. दीपक थांबला आणि मी खणखणीत आवाजात म्हटलं, "व्हय म्हाराजा!"

खिडकीचे गज धरून विमलवहिनी उभ्या होत्या. जोरजोरात मान हलवत होत्या, नाही, नाही. मला वाटलं, माझ्याकडून पैसे घ्यायचे नाहीत असं नवऱ्याला बजावताहेत. मी हसून त्यांना हात केला.

पडवीत मी पेटी उघडली. आतलं वंगण फणसाच्या चिकासारखं घट्ट झालेलं. ते रॉकेलनं सोडवलं, मोटरला तेल दिलं, नवा पट्टा चढवला. शेवटी आवाज उचलणारा जुना भाग काढून मुंबईहून मागवलेला नवा, बारीक सुईचा बसवला. जुनी सुई इतकी झिजलेली होती, की तिनं गाण्याचा निम्मा जीव खरवडूनच टाकला असता. पंधरा दिवस मी त्या पेटीतच होतो.

योगिनी शाळेत बाई होती. पोरांचे पाढे घेऊन घेऊन कमावलेला आवाज. स्वयंपाक करताना एक बिनशब्दांची चाल गुणगुणायची सवय, आईकडून आलेली. मोटर पहिल्यांदा फिरली त्या दिवशी तिचा घसा बसला. पट्टा चढवला तेव्हा खोकला लागला. मी म्हटलं, "मिठाच्या गुळण्या कर." आणि परत पेटीत डोकं घातलं. माझ्या मूर्खपणाला माफी नाही.

नवी सुई बसवली ती दुपार होती, तीनचा सुमार. थाळीवरची रबरी चटई धुवावी म्हणून उचलली, तर तिच्याखाली एक तबकडी चिकटलेली. नाव नाही, चिठ्ठी नाही. खवट खोबऱ्याचा वास येत होता तिला. म्हटलं, हिच्यावरच सुई बघू.

आधी नुसती खरखर. मग त्या खरखरीच्या तळाशी, अगदी बारीक, एक म्हातारा माणूस गाऱ्हाणं घालत होता. तो थांबल्यावर दुसरा कुणी म्हणाला, "व्हय म्हाराजा." मग तोच दुसरा गाऱ्हाणं घालायला लागला आणि तिसऱ्यानं होकार दिला. असे पाच-सहा जण… आणि मग दीपक.

"बा म्हाराजा, जो कोण ह्याच्यात बसला असशील… माज्या घरातला आवाज मोकळा कर. बदल्यात हा माजा मित्र हरिश्चंद्र, ह्याच्या घरचा आवाज घे. हा आपल्या राजीखुशीनं नेतो हाय. ह्याला पदरात घे रे म्हाराजा…"

आणि त्यावर माझा आवाज. खणखणीत, खुशीतला. "व्हय म्हाराजा!"

पुढे काही क्षण खरखर होती. मग एक बाई गुणगुणायला लागली. बिनशब्दांची चाल.

मी स्वयंपाकघरात धावलो. योगिनी ओट्याशी उभी होती. ओठ हलत होते, गळ्याची शीर फुगत होती… आणि आवाज येत नव्हता. तो पडवीतून येत होता.

मी पावसला फोन लावला.

"हॅलो," पलीकडून बाईचा आवाज आला.

आठ महिन्यांनी ऐकला तरी ओळखला. "विमलवहिनी?"

"भावजी… मी मान हलवत होते हो… तुम्हांला दिसलं नाही?" त्या रडायला लागल्या. मग दीपकनं फोन घेतला.

"हऱ्या, ती मुक्यानं मरायची रे. तुला खरं सांगितलं असतं, तर नेला असतास?"

नसता नेला, हे त्यालाही ठाऊक होतं. पण त्यानं विचारायला हवं होतं. भांडलो असतो, शिव्या दिल्या असत्या, दोघांनी मिळून काही वाट शोधली असती. ज्या हातांनी तिला ओवाळणी घातली, त्याच हातांनी त्यानं तिला देऊन टाकलं. शत्रूनं केलं असतं तर मला इतकं लागलं नसतं.

"तुझी बहीण आहे रे ती…" मी एवढंच म्हणालो. त्यानं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी पेटी घेऊन पावसला गेलो तर घराला कुलूप. मुलीकडे मुंबईला गेले, असं शेजारच्यांनी सांगितलं. पेटी त्याच्या ओट्यावर ठेवून परत आलो. योगिनी मुकीच. दोन दिवसांनी जाऊन पेटी घेऊन आलो. कारण सांगतो, हसू नका. तिचा आवाज आता फक्त त्या तबकडीवर होता. रोज दुपारी मी ती लावतो. आम्ही दोघं पडवीत बसून ऐकतो आणि ती माझा हात धरून ठेवते.

सर्वेश हा माझ्या बहिणीचा मुलगा. आई गेल्यापासून मामाच त्याला सगळं. त्याला जुन्या रेकॉर्डांचं भारी वेड. "मामा, तो प्लेअर मला द्या ना," असा त्यानं धोशा लावला होता. एकदा मनात आलं, देऊन टाकावा. खोटं कशाला बोलू, आलं. योगिनीनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि शाळेची जुनी पाटी काढून लिहिलं, 'कुणाला देऊ नका.' पाटी तिनं पडवीत टांगून ठेवली. मी सर्वेशला सांगितलं, बिघडलाय, दुरुस्त होणारा नाही.

आज तबकडी लावायला संध्याकाळ झाली. गुणगुणणं संपल्यावर एरवी सुई कोऱ्या जागेवर नुसती फिरते. आज कोरी जागा नव्हती. माझा आवाज होता, हळू, सावकाश.

"बा म्हाराजा… माज्या घरातला आवाज मोकळा कर…"

आणि शेवटी एक कोवळा आवाज, हसत हसत, मामाची गंमत वाटल्यासारखा. "व्हय म्हाराजा!"

तुम्हांला शपथेवर सांगतो, हे गाऱ्हाणं मी घातलेलं नाही. योगिनीनं उठून सुई उचलली. तेवढ्यात फोन वाजला.

"मामा, निघालो हां लांज्याहून. नारळ सोललेला आणू की शेंडीचा? सकाळी फोनवर तुम्ही म्हणालात, प्लेअर न्यायला ये, नारळ आण, पण तेवढं विचारायचं राहिलं."

सकाळी मी फोनला हातही लावलेला नाही.

नको म्हणायला मी तोंड उघडलं. पाटी समोरच होती. आणि स्वयंपाकघरातून, इतक्या दिवसांनी, अगदी बारीक गुणगुणणं ऐकू आलं. एकच ओळ. मग थांबलं, कुणी उत्तराची वाट बघत थांबावं तसं. योगिनी माझ्या शेजारीच बसलेली होती, ओठ मिटून.

"मामा? ऐकताय ना?"

"शेंडीचा आण," मी म्हणालो.

आता हातखंब्याच्या पुढे, रत्नागिरीजवळ आला असेल तो.