डाव्या खिडकीचं ऊन

"सावळ्या गं पोरी, सावलीनं चाल,
ऊन लबाड सोनार, डागील तुझा गाल…"

आत्या हे गच्चीच्या दारातून म्हणायची. मी असेन आठ-नऊ वर्षांची. तापलेल्या गच्चीवर अनवाणी नाचत असायचे, आणि तिचा तो चिरका, गोड आवाज जिन्यावरून वर यायचा. आत्याला कशालाही चाल लावायची खोड होती. भाजी करपली तरी ती दोन ओळी जुळवायची.

पुढे तिचं म्हणणं साऱ्या जगानं उचललं, फक्त चाल तेवढी सोडून दिली. आई म्हणते, "स्कार्फ बांध." शेजारच्या काकू म्हणतात, "लिंबू चोळ." आणि पार्लरवाली तर एकदा आरशात माझ्याकडे निरखून म्हणाली, "मॅडम, एकाच गालाचं फेशियल करू या का?"

एकाच गालाचं! पण तिचं तरी काय चुकलं?

मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते. मामांचं स्कूल आहे, अकरा वर्षं तिथेच. शिकणारा उजवीकडे, मी डावीकडे. माझ्या पायाशी जादा क्लच आणि ब्रेक, माझ्या गालाशी खिडकी. सकाळी सात ते दुपारी एक त्या खिडकीतून ऊन येतं आणि हक्कानं गालावर बसतं. त्यामुळे माझा उजवा गाल माझ्या चौतीस वर्षांपेक्षाही लहान दिसतो, आणि डावा माझ्या न झालेल्या थोरल्या बहिणीचा. त्यावर वांग आहे, डोळ्याच्या कडेला बारीक रेघा आहेत. त्वचेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काच वर केली तरी ऊन आत येतंच. सावळ्या कातडीवर सुरकुत्या उशिरा पडतात, पण डाग लवकर धरतात. मलम दिलं त्यांनी. मलम चांगलं आहे हो, पण ते दर दोन तासांनी लावायचं, आणि दर दोन तासांनी माझ्या गाडीत कुणीतरी भिंतीवर आदळायच्या बेतात असतं!

मग मी एक युक्ती शिकले. समोरच्याला नेहमी माझ्या उजव्या हाताला ठेवायचं. कुणी डावीकडे आलं की सहज फिरल्यासारखं करून जागा बदलायची. आई स्थळांना पाठवते तो फोटोही उजवीकडूनच काढलेला. "अर्धाच चेहरा बघून हो म्हणणारा मिळाला तर उरलेल्या अर्ध्याचं काय करायचं?" असं मी विचारलं, तर आई म्हणाली, "जिभेचंही काहीतरी कर."

अशात तो आला.

"काका, सीट जरा पुढे घ्या," मी म्हणाले.

त्यानं सीट पुढे घेतली. पट्टा लावला. मग शांतपणे म्हणाला, "मॅडम, मी छत्तीसचा आहे."

मी वळून पाहिलं. गोरापान माणूस. कपाळावर आडव्या रेघा, डोळ्यांच्या दोन्ही कडांना उघडलेले पंखे, आणि मान तर चुरगळून पुन्हा उलगडलेल्या कागदासारखी.

"छत्तीस?"

"मी छत्तीस. चेहरा अठ्ठेचाळीस. तो पुढे निघून गेलाय, मी मागून येतोय."

बारा वर्षं परांचीवर उभं राहून त्यानं इमारतींना बाहेरून रंग दिला होता. डोक्यावर टोपी नाही, तोंडात सिगारेट, झोप चार तास. आता सिगारेट सुटली होती, टोपी आली होती, आणि तो एका रंगाच्या दुकानात शेड मिसळायचं काम करत होता. "पण गेलेला चेहरा काही माघारी यायला तयार नाही," तो म्हणाला.

मी हसणारच होते. ओठ निम्मे उघडलेही होते… तेवढ्यात तो म्हणाला, "तुमचे दोन हात दोन शेडचे आहेत."

"काय?"

"डावा दोन घरं खाली आहे. शेडकार्डावर."

"समोर बघा."

"गाडी बंद आहे अजून."

"तरी समोर बघा!"

त्या दिवसापासून मी मनात त्याचं नाव शेडकार्ड ठेवलं. आणि देवाशप्पथ सांगते, अकरा वर्षांत इतका वैताग मला कुणी दिला नाही. एका म्हाताऱ्या मास्तरांनी ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला होता, एका मुलीनं गाडी कारंज्यात घातली होती. पण ती माणसं चुकायची तेव्हा निदान घाबरायची तरी! हा सिग्नलला उभा राहून इमारती बघायचा. "ही पश्चिमेची बाजू. तीन वर्षांत रंग उडणार."

"हिरवा लागला. चला."

"हा हिरवा नाही मॅडम. यात निळा आहे."

"मागचा हॉर्न वाजवतोय, त्याला जाऊन सांगा!"

तो गंभीरपणे गियर टाकायचा. पहिल्याऐवजी तिसरा.

क्लच शिकवताना मी सगळ्यांना एक वाक्य सांगते. "हळू सोडा… एखाद्याचा हात सोडवत नाही ना, तसा सोडा." मास्तरांना सांगितलंय, कॉलेजच्या पोरींना सांगितलंय. सगळे निमूट ऐकतात. हा म्हणाला, "सोडवत नाही, तर सोडायचाच कशाला?"

गाडी आचका देऊन बंद पडली. माझे कान तापले. ऊन होतं… दुसरं काय असणार!

तिसऱ्या आठवड्यात मात्र एक गोष्ट झाली. त्याला गाडी यायला लागली. एके दिवशी चढावर समोर ट्रक थांबला, आणि यानं क्लच अर्ध्यावर धरून गाडी अशी अलगद तोलली, की माझा पाय माझ्या ब्रेकवर गेलाच नाही. ट्रक हलला, गाडी हलली. खिडकीतून वारा आला, त्याच्या बाहीला टर्पेंटाइनचा पुसटसा वास होता, आणि मला वाटलं, हा चढ आणखी थोडा लांब असता तर.

आमच्याकडे प्रत्येक शिकणाऱ्याचं एक पिवळं कार्ड असतं. शिकवणाऱ्यानं 'परीक्षेस तयार' याखाली सही केली, की मामा पुढची तारीख घेतात. सहीशिवाय ते कुणाला पाठवत नाहीत. स्कूलचं नाव आहे त्यांचं.

"अगं, तो रंगवाला झाला ना तयार?" मामांनी विचारलं.

"नाही मामा. आरशात बघत नाही."

साफ खोटं. आरशात तो माझ्याहून जास्त बघायचा. पण मी ते बोलून गेले, आणि कार्ड गाडीच्या कप्प्यात तसंच राहिलं. का, ते विचारू नका. मी स्वतःलाही विचारत नव्हते.

आणि हे काही निरुपद्रवी खोटं नव्हतं. त्याच्या दुकानाची दुसरी शाखा निघत होती. मालकाचं म्हणणं सरळ होतं: जो व्हॅन चालवत जाऊन गिऱ्हाइकाच्या घरी रंगाचे नमुने दाखवील, शाखा त्याच्या हाती. पुढच्या महिनाअखेरीपर्यंत लायसन्स पाहिजे, नाहीतर काउंटरवरचा दुसरा माणूस तयारच होता. हे त्यानं मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. मला सगळं माहीत होतं. तरी रोज सकाळी सातला मी एक नवी चूक शोधून काढायचे. हात चुकीच्या जागी आहेत. ब्रेक उशिरा लावला. इंडिकेटर लवकर दिला. तो खाली मान घालून "बरं" म्हणायचा, आणि दुसऱ्या दिवशी ती चूक घासूनपुसून दुरुस्त करून आणायचा. त्याचा राग यायचा मला! माणसानं निदान भांडावं तरी.

अठरा दिवस असे गेले. महिना संपायला सहा दिवस उरले.

त्या सकाळी मैदानावर त्यानं रिव्हर्समध्ये गाडी दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या मधोमध लावली. देखणी लावली.

"वाकडी आहे," मी म्हणाले.

तो उतरला. मागे गेला, वाकून पट्ट्या पाहिल्या, परत येऊन बसला. "सरळ आहे."

"मला वाकडी दिसते."

"मॅडम, बारा वर्षं मी दोरी न धरता सरळ पट्टे मारलेत."

"भिंतीवर! गाडी म्हणजे भिंत नव्हे. उठा तिथून. मी दाखवते."

तणतणत मी गाडीला वळसा घालून ड्रायव्हरच्या सीटवर बसले. तो माझ्या जागी बसला. गाडी पुढे काढली, रिव्हर्स टाकला, आणि सवयीनं उजवीकडच्या आरशात बघायला मान वळवली… तेव्हा लक्षात आलं.

डावीकडे तो होता. हातभर अंतरावर. आणि माझा डावा गाल, अकरा वर्षं झाकून, वळवून, फिरवून जपलेला, लख्ख उजेडात त्याच्या समोर.

मान वळवता येईना. गाडी मागे चालली होती. मी आरशातून मागे बघत राहिले आणि तो माझ्याकडे बघत राहिला. गाडी थांबली. वाकडी. चक्क पट्टीवर.

"काय बघताय?" मी फटकारलं. "बोला आता. काय लावू? लिंबू? मध? बटाट्याचा रस? सगळं झालंय!"

"ही बाजू तुम्ही कधी दाखवलीच नाही."

"दाखवण्यासारखं काय आहे तिच्यात?"

तो जरा चाचरला. "दुकानात लोक येतात ना, त्यांना मी सांगतो… आतली भिंत कुठलीही छान दिसते. घर ओळखायचं तर बाहेर जाऊन उन्हाकडची भिंत बघा. तीच खरी—"

"मला भिंत म्हणालात?"

"नाही… म्हणजे हो, पण चांगल्या—"

"अकरा वर्षांत लोकांनी काय काय म्हटलं! काळवंडलीस म्हणाले, उतरलीस म्हणाले, वय दिसायला लागलं म्हणाले. भिंत कुणी म्हटलं नव्हतं!"

"अहो, ऐका तरी." पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "मी गोरा, मला उन्हानं चुरगळलं. तुम्ही सावळ्या, तुमच्यावर ठिपके काढले. ऊन तेच. सही ते ज्याच्या त्याच्या अंगावर वेगळी करतं. मी कधी म्हटलं का, हे पुसा म्हणून? मला फक्त…" तो थांबला. "मला पहिल्या दिवसापासून या बाजूनं बघायचं होतं तुमच्याकडे. पण मी डावीकडे आलो की तुम्ही फिरून मला उजवीकडे आणायचात. मला वाटलं, स्कूलचा नियम असेल."

नियम! मला हसू आलं, रडू आलं, आणि दोन्ही गिळताना ठसका लागला. त्यानं पाण्याची बाटली पुढे केली. झाकण उघडून.

मग तो सीटवर मागे रेलला आणि वेगळ्याच आवाजात म्हणाला, "असो. गाडीचं सांगायचं होतं. आज मालकांना सांगून टाकतो, व्हॅन दुसऱ्याला द्या म्हणून."

"का?"

"पाच आठवडे झाले, मॅडम. दुसरं कुणी वाकडी म्हटलं असतं तर भांडलो असतो. पण तुम्ही उगाच चूक काढणार नाही. माझे डोळे फक्त रंगाला चांगले असतील, गाडी माझ्यात नसेल. काही गोष्टी काही माणसांत नसतात." तो हसला, डोळ्यांच्या कडांचे पंखे उघडले. "मला सवय आहे उशिरा पोचायची. चेहरा तेवढा लवकर पोचतो."

यानं माझ्यावर ओरडायला हवं होतं. त्याऐवजी तो माझ्या खोट्यावर विश्वास ठेवून स्वतःला मोडीत काढत होता, आणि तेही इतक्या नम्रपणे!

मी कप्पा उघडला. पिवळं कार्ड काढलं. स्टिअरिंगवर टेकवून 'परीक्षेस तयार' याखाली सही केली; पेन दोनदा अडलं. कार्ड त्याच्या हातात दिलं.

"हे काय?"

"तुम्हाला गाडी येते."

"आत्ता तर वाकडी म्हणालात."

"सरळ होती. चढावर ट्रकच्या मागे थांबलात ना, त्या दिवसापासून येते. मामा आजच तारीख मागतील. तीस तारखेच्या आत होईल तुमचं."

तो कार्डाकडे बघत राहिला. बोटं मोजली. "अठरा दिवस?"

"अठरा."

"अठरा दिवस मी घरी उशीवर पाय ठेवून क्लच दाबतोय! आईला वाटतं, मला पायाचा काहीतरी आजार झालाय!" आता मात्र तो भडकला, कानापर्यंत लाल झाला, गोऱ्या माणसाला राग लपवताच येत नाही. "माझी शाखा जाणार होती! तुम्हाला माहीत होतं!"

"माहीत होतं."

"मग का? एवढं तरी सांगा… का?"

ऊन आता त्याच्या खिडकीतून आत येऊन माझ्या डाव्या गालावर पोचलं होतं. मी मान फिरवली नाही.

"कारण तुम्ही पास झालात की सकाळी सातला तुमच्या जागी दुसरं कुणीतरी येऊन बसेल," मी म्हणाले. "आणि मला… दुसरं कुणी नको आहे."