न चालणारी नोट

एप्रिल २०२०. फेल्डहोवन या डच गावातली माणसं एकमेकांपासून दीड मीटर लांब चालायला नुकतीच शिकली होती. सुयश दर मंगळवारी शेजारच्या हाउटमनबाईंचा किराणा आणून त्यांच्या दाराशी ठेवायचा. बाई पंच्याऐंशीच्या, एकट्या. यादी आणि पैशांचं पाकीट त्या त्याच्या दाराच्या फटीतून आत सरकवायच्या.

एकदा पाकिटात युरोंऐवजी दहा गिल्डरची पिवळट नोट निघाली. वर डचमध्ये छापलेलं, 'जपानी सरकार'. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी डचांच्या ताब्यातलं जावा बेट बळकावल्यावर काढलेली ती नोट, एवढं फोनवर सापडलं. दहा-पंधरा युरोंचा प्रश्न, सोडून द्यायचे. पण घरून काम करून सुयशचं डोकं उठलं होतं. मास्क नाकावर ओढून तो गेला आणि नोट बाईंच्या खिडकीच्या काचेला लावून म्हणाला, "हे पैसे चालत नाहीत."

बाईंनी सांगितलं, जावातल्या जपान्यांच्या कैदी छावणीत त्या दहा वर्षांच्या होत्या आणि आई तापाने फणफणली होती. आईसाठी अंडी मागायला त्या अशीच नोट घेऊन कुंपणापाशी गेल्या, तेव्हा पलीकडच्या माणसाने हेच ऐकवलं होतं.

"तोंडसुद्धा त्याने असंच झाकलं होतं," बाई म्हणाल्या.

सुयशला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी माफी मागायची राहिलीच. शनिवारी बाईंना ॲम्ब्युलन्समधून नेलं आणि चार दिवसांत त्या गेल्या. घराला कुलूप लागलं.

पुढच्या मंगळवारी दाराच्या फटीतून पाकीट आत पडलं. दहा गिल्डर आणि यादी: सहा अंडी. अक्षर बाईंचंच, पण नेहमीसारखं थरथरतं नव्हतं. त्याची बायको मंजूषा म्हणाली, टपालात अडकलं असेल. पाकिटावर तिकीट नव्हतं.

त्यानंतरच्या मंगळवारी पुन्हा तेच. नोट मात्र कोरी करकरीत, शाईचा वास येणारी.

तिसऱ्या पाकिटातली अक्षरं मोठी, गोल, शाळकरी होती. खाली एक ओळ जास्त: 'आईला ताप आहे. हे पैसे चालतील का?'

सुयशने धावत जाऊन अंडी आणली. पण समोरचे आजोबा बागेत पाणी घालत होते. मेलेल्या बाईच्या दारात अंडी ठेवताना पाहिलं तर काय म्हणतील? त्याला लाज वाटली. उद्या सकाळी ठेवू, असं म्हणून तो घरात शिरला.

सकाळी अंडी घेऊन तो बाहेर पडला, तर त्याच्याच पायपुसण्यावर चिठ्ठी होती.

'आई पहाटे गेली. अंडी नकोत. पैसे तुम्हीच ठेवा.'