बावकूच्या बदलीचा हुकूम

अराबानं मासळीसकट केंकीचा, आंबवलेल्या मक्याच्या पिठाचा, गोळा घाईघाईनं ड्रॉवरमध्ये सारला. दारात एक तरुण उभा होता. उत्तरेच्या वाऱ्यानं आणलेल्या धुळीनं भुवया पांढऱ्या झालेल्या, डोळे मात्र हसरे...

"मी जकातीतला कोबिना. मला पार उत्तरेच्या टोकाला, बावकूला पाठवायचं कुणी ठरवलं हो? भांडायला नाही आलोय. त्या माणसाला नुसतं बघायचंय."

केप कोस्टच्या त्या सरकारी कचेरीत आजवर कुणी असं कुतूहल दाखवलं नव्हतं. कारकुनांच्या बदल्या पूर्वी स्वतः गव्हर्नरसाहेब करत. त्यांनी तो अधिकार सेक्रेटरीकडे सोपवला, सेक्रेटरीनं कमिशनरकडे. कमिशनरसाहेब दौऱ्यावर निघताना कोऱ्या कागदांवर सह्या करून ते हेडक्लार्क ऑडोमकाकांकडे देत. आणि काकांना जेवणानंतर झोप येई, म्हणून कागद टायपिस्टच्या टेबलावर येत. अराबाच्या. साम्राज्याची सत्ता तिथं थांबली होती, कारण त्याखाली फक्त फरशी होती.

"उद्या या," अराबा म्हणाली. "शोधून ठेवते."

तो रोज आला. रोज तिनं एकेका साहेबाचं नाव सांगितलं. बुधवारी तो म्हणाला, "आता विलायतेचे राजेसाहेबच उरले. की... तुम्हाला मी रोज यावंसं वाटतं?"

"वाटायला काय पैसे पडतात?" ती यंत्राकडे बघत म्हणाली. बोटं उगाचच चालत होती. यंत्रात कागद नव्हता.

शुक्रवारी त्याची लॉरी सुटणार होती. गुरुवारी तिला राहवेना.

"तो माणूस मीच."

"काय?"

"बारा नावं होती. तुझं टाइप करायला बरं वाटलं... म्हणून तुझं."

कोबिना गंभीर झाला. मग खुर्ची ओढून बसला. "म्हणजे मी तुला न बघताच आवडलो!"

"फाजीलपणा नको! सहीचा एक कागद उरलाय. हुकूम रद्द करू?"

"मग कोण जाईल?"

"क्वामेना."

"त्याला परवाच जुळी झालीत." तो खिडकीबाहेर बघत राहिला. "जाऊ दे. मीच जातो. पण अराबा... तिथं नुसती कांद्याची शेतं, कांद्याशिवाय बोलायला कुणी नाही म्हणतात."

 बावकूच्या कचेरीत टायपिस्टची जागा दोन वर्षं रिकामी होती, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तिनं तो शेवटचा कागद यंत्रात चढवला, आणि एकही चूक न करता चार ओळी टाइप केल्या.

कोबिनानं मान लांब करून वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. "हे... तू तुझंच नाव..."

"सरकारी निर्णय आहे. तुला काय त्याचं?"

"मग मी लॉरीत तुझ्यासाठी जागा धरू?"

"थांब!" तिनं कागद छातीशी धरला. कान तापले होते. "आधी तुझ्या मामांना मागणीच्या दारूच्या बाटल्या घेऊन माझ्या मामांचं दार ठोठावायला सांग. आजच. बदल्यांचं काय, त्या कुणीही करतं. पण आमच्या घरात हा अधिकार मामांनी अजून कुणाकडे सोपवलेला नाही."

कोबिना टोपी विसरून धावत सुटला.