पॅसेजमधली बावीस कुडमं

आमच्या घरात एकोणतीस वस्तू वायफायवर चालतात, आणि मूल उठलेलं मला अजूनही भिंतीतूनच कळतं.

दिवे, पंखे, तीन एसी, गीझर, दाराची बेल, फरशी पुसत फिरणारा चपटा रोबो. माझा नवरा हरिप्रसाद सिरुसेरीच्या एका कंपनीत असल्याच वस्तूंवर काम करतो आणि चाचणीसाठी मिळालेली प्रत्येक वस्तू घरी आणून लावतो. आम्ही मेडवाक्कमला दुसऱ्या मजल्यावर राहतो. मी मूळची मिरजेची, शिकले इलेक्ट्रॉनिक्स. कीर्तना झाल्यापासून घरूनच सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. कीर्तना चौदा महिन्यांची आहे.

एप्रिलमध्ये तिला तापात पहिली आकडी आली. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, पण ताप असला की नजर ठेवा. हरिप्रसादने लगेच पाळण्यावर कॅमेरा बसवला. "आता नजर चोवीस तास," म्हणाला.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी, सकाळी साडेअकराला, मी शेजारच्या खोलीत मीटिंगमध्ये होते. फोन समोर उभा. फोनवर कीर्तना कुशीवर, गालाखाली हात घेऊन झोपलेली. आणि भिंतीतून पाळण्याच्या कड्या वाजायला लागल्या. मी धावले. तिचे ओठ निळे पडले होते, मान एका बाजूला खेचली गेली होती. तिला कुशीवर धरून मी सासूबाईंना हाका मारत होते आणि माझ्या हातातल्या फोनवर ती अजून शांत झोपलेली होती. चाळीस सेकंद जुनी.

संध्याकाळी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये नवऱ्याने मला विचारलं, "तू कॉलवर होतीस ना तेव्हा?"

हे वाक्य मी विसरणार नाही.

घरी आल्यावर मी माझं टेबलच तिच्या खोलीत नेलं. तिथं काम होईना. नेट धड पोचतच नव्हतं. राउटर हॉलमध्ये, आणि केबल आत ओढायची तर हरिप्रसादचं फॉल्स सीलिंग फोडावं लागणार, म्हणून ते नाही. कस्टमर केअरची बाई रोज गोड आवाजात सांगायची, राउटर बंद करून परत चालू करा. हरिप्रसादही ऑफिसातून तेच. "रिस्टार्ट केलंस का?"

"अकरा वेळा केलं. बाराव्यांदा तू येऊन कर."

पुढच्या आठवड्यात गुरुवारी मी एकेक वस्तू बंद करत गेले. कोण नेट खातंय ते शोधायचं तर दुसरा उपाय नाही. दिवे काढले, एसीची बटणं पाडली, रोबोला उलटा करून ठेवला. अठ्ठावीस वस्तू मेल्या. घरात फक्त कॅमेरा आणि माझा फोन जिवंत. हॉलमध्ये स्पीड एकसष्ट. पॅसेज ओलांडून कीर्तनाच्या दाराशी तीन.

शेवटी कंपनीने माणूस पाठवला. राममूर्ती. पन्नाशीचा, कपाळाला विभूती, हातात मीटर. तो तमिळमध्ये बोलायचा, मी माझ्या मोडक्या तमिळमध्ये उत्तर द्यायचे. पॅसेजमध्ये तो दोनदा पुढे-मागे चालला आणि म्हणाला, "मॅडम, इथं पाण्याची टाकी आहे का?"

मी बाकाकडे बोट दाखवलं.

कुडम म्हणजे इथली प्लॅस्टिकची घागर. पॅसेजच्या भिंतीलगत एक लाकडी बाक आहे, त्याच्यावर अकरा कुडमं आणि खाली अकरा. लाल, हिरवी, निळी, सगळी काठोकाठ भरलेली. ही माझ्या सासूबाईंची, वसंता अम्मांची. हरिप्रसादच्या मते दुष्काळाच्या वर्षी टँकरच्या रांगेत उभं राहून त्यांनी धसका घेतलाय. आता चोवीस तास बोअरचं पाणी आहे, पण कुडमं हलत नाहीत.

"पाण्यातून सिग्नल जात नाही," राममूर्ती म्हणाला. मग मीटर माझ्या हातात देऊन स्वतः राउटरसमोर उभा राहिला. आकडा झरकन खाली आला. "बघा. मीसुद्धा पाणीच. ऐंशी किलो!" आणि स्वतःच्या विनोदावर खूप हसला.

मला हसू आलं नाही. माझ्या पोरीचा श्वास अडकला होता आणि मध्ये काय होतं, तर घागरी.

तो गेल्यावर मी पहिलं कुडम उचललं आणि बाथरूममध्ये ओतलं.

अम्मा स्वयंपाकघरातून धावत आल्या. तंजावरकडची त्यांची मराठी रागात जास्तच जुनी होते. "अगे, काय करतेस? तें पाणी ओतूं नकोस!"

"का? मोरीत नळ आहे, ओट्यावर फिल्टर आहे. का नको?"

"तें आपलं नव्हे."

"मग कुणाचं? तुमच्या या पाण्यापायी माझी मुलगी मेली असती, अम्मा!"

 मी बावीसच्या बावीस ओतली. खरं सांगते, बरं वाटत होतं. लग्नाला चार वर्षं झाली. या घरात पहिल्यांदाच मी काहीतरी जागेवरून हलवत होते.

मग फोन घेऊन पॅसेजमध्ये उभी राहिले. बाकापाशी तीन.

रिकामी, कोरडी कुडमं, आणि तीन.

अम्मांच्या कोलमच्या, म्हणजे रांगोळीच्या, डब्यातलं पीठ घेतलं आणि पॅसेजच्या प्रत्येक फरशीवर आकडा लिहिला. एकसष्ट, साठ, एकसष्ट. फक्त बाकासमोरच्या एका फरशीपासून पुढे तीन. फोन वर उचलला, माझ्या खांद्याच्या वर साठ. खांद्याखाली तीन. रुंदी जेमतेम एक फरशी, जणू न दिसणारं काहीतरी तिथं उभं आहे. तिथून मी तीनदा चालत गेले. हाताला काही लागलं नाही.

शुक्रवारी सकाळी परत मोजलं. बाकापाशी एकसष्ट. ती जागा दोन फरश्या पुढे गेली होती, कीर्तनाच्या खोलीकडे.

हरिप्रसादला मी कागदावर काढून दाखवलं. त्याने कागद नीट घडी करून परत दिला. "ऋजुता, तू झोपतेस का नीट? शर्मिष्ठाला फोन कर ना." शर्मिष्ठा म्हणजे त्याची मावसबहीण, मानसोपचार करते. कागदाचे मी त्याच्यासमोर चार तुकडे केले. पाचवा करायचा राहिला, कारण कीर्तना रडली.

तो गेल्यावर मी अम्मांना गाठलं. त्या शेंगा निवडत होत्या.

"ते पाणी आपलं नव्हे म्हणालात. कुणाचं होतं?"

"मला काय ठाऊक."

"अम्मा."

"ह्या घरात आलों तेव्हां पहिल्याच आठवड्यांत पाहिलं," त्या मान वर न करता म्हणाल्या. "रोज सकाळीं एक कुडम निम्मं. झाकण जागच्या जागीं. मी भरत गेलें. मागून दोन निम्मीं व्हायला लागलीं. मी आणखी ठेवलीं. झालं."

"आणि हे मला सांगावंसं वाटलं नाही?"

"तूं रागावतेस गे."

ऊन होतं, पाणी उडून गेलं असेल, असं मी म्हणणार होते. झाकण असताना निम्मं कुडम उडत नाही. मी इंजिनियर आहे.

दुपारी ती जागा कीर्तनाच्या उंबऱ्यावर होती.

त्याला पाणी हवं होतं, म्हणून मी सगळे नळ सोडले. ओरडत होते मी, कुणावर ते माहीत नाही. ज्याने हे घर दाखवलं त्याच्यावर, आणि अम्मांवर. माझ्यावरही. बावीस कुडमं भरली. अम्माही भरत होत्या, गुपचूप, कमरेत वाकून. दारासमोर ओळीने मांडली. बाकावर ठेवली. पाळण्याला वळसा घालून ठेवली.

"आतां तें कुडमांपाशीं राहायचं नाहीं," अम्मा म्हणाल्या.

शनिवारी सकाळी बावीसही काठोकाठ होती. एकातलंही थेंबभर कमी नव्हतं.

फोन कुडमांच्या वर पण खांद्याखाली धरून मी मोजायला सुरुवात केली. हॉल, एकसष्ट. पॅसेज, एकसष्ट. उंबरा, एकसष्ट. कीर्तनाच्या खोलीचे चारही कोपरे, खिडकी, पाळण्याच्या कठड्याशी, एकसष्ट. ती जागा कुठेच नव्हती.

फोनवर कीर्तनाने हात वर केला, पाळण्यात तिने हात वर केला. एकाच वेळी. इतक्या कुडमांच्या मधोमध.

हरिप्रसादने मला जवळ घेतलं. "बघ, झालं ना नीट? उगाच डोकं फिरवून घेतलंस."

माझं लक्ष कीर्तनाकडे होतं. सकाळपासून मी तिचं डायपर बदललं नव्हतं. बदलायची गरजच पडली नव्हती. आणि ती पाण्याची चौथी बाटली पीत होती. ताप नाही. डोळे चकचकीत. जीभ कोरडी.

पॅसेजमधली कुडमं मी बाजूला सारली. कीर्तनाची उंच खुर्ची राउटरच्या रेषेत ठेवली आणि मागच्या स्टुलावर फोन.

"आता काय?" हरिप्रसाद म्हणाला.

"उभा राहा तिथं."

तो उभा राहिला. अडतीस.

अम्मांना उभं केलं. त्रेचाळीस. 

खुर्चीवर लिटरभराची पाण्याची बाटली ठेवली. पंचावन्न.

बाटली उचलली. कीर्तनाला बसवलं.

एकसष्ट.

"ती केवढीशी आहे, ऋजुता," हरिप्रसाद हसत म्हणाला.

दहा किलो आहे ती. मूल म्हणजे तर बहुतेक पाणीच; आकडा पडायला हवा होता.

फोन तिच्या पाठीला टेकवला. एकसष्ट. पोटासमोर राउटर, पाठीशी फोन, मध्ये माझी मुलगी. एकसष्ट.

अम्मांनी पदर तोंडाला लावला. "तें तिच्यांत गेलंय," म्हणाल्या.

कीर्तनाने माझ्या हातातली लिटरची बाटली ओढून घेतली. एरवी तिला पेलणार नाही अशी बाटली तिने दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावली. ती संपेपर्यंत कीर्तना श्वास घ्यायलासुद्धा थांबली नाही.