ठोंब्याची साक्ष

मी त्याला बोललेला पहिला शब्द शिवी होता, आणि त्याबद्दल मला आजही काडीचा पश्चात्ताप नाही. चूक त्याचीच होती. चेंडू सरळ सरळ बचाव करणाऱ्या खेळाडूच्या हाताला लागला होता, शेंबड्या पोरालाही दिसला असता, आणि हा पंच म्हणवणारा माणूस तोंडात शिट्टी धरून ढिम्म उभा. खरं तर मी तिथे फुटबॉल बघायला गेलेच नव्हते, कामावर होते. पण डोकं फिरलं. बाकावर चढले आणि ओरडले, "अरे ठोंब्या, डोळे घरी ठेवलेस का?"

त्यानं वळून पाहिलं. एवढ्या गर्दीत नेमकं माझ्याकडे... आणि मग जणू काही ऐकूच आलं नाही असा पुढे पळाला.

माझं काम काय, ते सांगते. मी शब्दकोशाच्या कचेरीत आहे. तिथे प्रत्येकाला एकेक विभाग वाटून दिलाय. कुणाकडे स्वयंपाकघरातले शब्द, कुणाकडे दागिन्यांचे, आणि माझ्याकडे शिव्या. दुसरं कुणी हात लावायला तयार नव्हतं, म्हणून सगळ्यांत धाकटीच्या गळ्यात मारल्या. आई पाहुण्यांना सांगते, "ती भाषेचं काम करते," आणि लगेच चहाचं विचारते. मी मात्र हट्टानं पूर्ण सांगते. च्याइला लिहायचं की च्यायला, आणि त्यातली आई कुणाच्या लक्षात कशी राहिली नाही. बदमाश म्हणजे मुळात ज्याचं पोट भरायचं साधन वाईट तो. आणि आत्या मला जन्मभर ज्या नावानं हाक मारत आली ते 'फाजील' ज्या अरबी शब्दावरून आलं, त्याचा एक अर्थ विद्वान असाही आहे. हे आत्याला सांगितलं, तर ती म्हणाली, "बघ, म्हणूनच म्हणते."

तर मी मैदानात पहिल्या रांगेत बसून मागून येणाऱ्या शिव्या टिपत होते आणि एखादी फर्मास आली की एकटीच हसत होते. सामना संपल्यावर म्हटलं, ज्याला एवढ्या पडल्या त्यालाच विचारावं. तो नळावर वाकून चिखल धूत होता. भुरभुर पाऊस होता, पण त्यानं काही तो चिखल निघण्यासारखा नव्हता.

"तुम्हाला आज लोक काय काय म्हणाले?" मी विचारलं.

"मला मैदानावर काही ऐकू येत नाही."

"मी म्हणाले तेही नाही?"

"नाही." त्यानं बाहीनं तोंड पुसलं. कानाच्या पाळ्या लालभडक झाल्या होत्या. "आणि मी डोळे घरी ठेवत नाही."

मी हसले. माणूस नळाजवळ शिव्या खाऊन उभा आणि हसू आवरतोय, असा मी आधी पाहिला नव्हता.

मग दर सामन्याला जाणं आलंच. संपल्यावर आम्ही मैदानामागच्या टपरीवर चहा घ्यायचो. ऐकलेलं काही तो कबूल करायचा नाही. मीच एकेक शिवी म्हणून दाखवायची, ती कुठून आली ते सांगायचं, आणि त्यानं पेल्यात बघत मान हलवायची. लाजायचा तो, मी नाही. एकदा त्यानं हळूच विचारलं, "आणि... ठोंब्या कुठून आला?"

"मूळ सापडलेलं नाही अजून. कोशात आम्ही अनिश्चित असं लिहितो."

"शोधताय ना पण?"

"शोधतेय."

"मग सावकाश शोधा," तो म्हणाला, "मला घाई नाही..."

त्या रात्री मला जेवण गेलं नाही, हे मी आईला सांगितलं नव्हतं. आता सांगायला हरकत नाही.

सगळं बरं चाललं होतं, तेवढ्यात सरांनी माझ्या विभागावर वरवंटा फिरवायचं ठरवलं. सर म्हणजे आमच्या समितीचे अध्यक्ष, निवृत्त प्राचार्य, सदऱ्याला एक सुरकुती नाही. त्यांनी जुना नियम बाहेर काढला. पूर्वी पुस्तकातून उचललेले, कुणीच न बोलणारे शब्द कोशात घुसायचे, म्हणून नियम केला होता की ज्या शब्दाबद्दल वाद होईल त्याला दोन माणसं हवीत. एक तो बोलणारा, एक ज्याला तो बोलला गेला. दोघांनी समितीपुढे समोरासमोर उभं राहून शब्द बोलून दाखवायचा. दागिन्यांच्या शब्दांना सोनार आणि गिऱ्हाईक आनंदानं येतात. शिव्यांना बोलणारे ढिगानं मिळतात, पण 'मला असं म्हणतात' हे सांगायला कोण येणार? सरांना ते पक्कं माहीत होतं.

"सोमवारी साक्षीदार आणा, नाहीतर विभाग वगळू," ते म्हणाले. "हा कोश घराघरांत जाणार, लेकीसुनांच्या हातात पडणार."

"सर, लेकीसुनांना त्या ऐकाव्या लागतातच," मी म्हणाले. "वाचल्यानं काय बिघडेल?"

सरांनी चष्मा पुसायला घेतला. माझी सगळी मेहनत केराच्या टोपलीत जाणार होती.

टपरीवर मी त्याला सगळं सांगितलं आणि साक्षीला यायला सांगितलं. त्यानं पेला खाली ठेवला. मग त्यानं समजावलं. पंचाच्या कानावर शिवी आली की खेळ थांबवून तक्रार करायची, असा त्यांच्या संघटनेचा दंडक. त्यानं आजवर कुणाचीच तक्रार केली नव्हती. पोरं तापलेली असतात, घरी गेल्यावर विसरतात, असं त्याचं म्हणणं. म्हणून ऐकू न येण्याचं सोंग. आमच्या बैठकीचा वृत्तांत छापला जातो, आणि त्यात 'ऐकलं' म्हटलं की त्याची शिट्टी गेली.

"मग नका येऊ," मी फटकन म्हणाले. "ठेवा ती शिट्टी देव्हाऱ्यात."

घरी जाताना रस्ताभर रडले. विभागासाठी थोडं, आणि बाकी सगळं त्याच्यासाठी. मी त्याच्या प्रेमात पडले होते, आणि त्यालाच टाकून बोलून आले होते.

सोमवारी लांब टेबलापलीकडे समितीचे पाचही जण बसले. सरांनी विचारलं, बोलणारा कोण? मी म्हटलं, मी, सगळ्या शब्दांना. आणि ऐकणारा? मी तोंड उघडणार तोच दार वाजलं.

तो आत आला. इस्त्रीचा शर्ट, पाणी लावून चापून बसवलेले केस, आणि कान आधीच लाल. नाव सांगितलं, काम पंचाचं असं सांगितलं, आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

सर काही कच्चे नव्हते. त्यांनी टिपणांत बोट फिरवलं. "ठोंब्या. म्हणून दाखवा."

बाकावरून ओरडले होते तसंच ओरडायचं, असं मी ठरवलं होतं. पण तो समोर उभा होता. माझ्या टोचून बोलण्यानंतरही आलेला, हातातलं काम घालवायला तयार होऊन आलेला... माझ्या तोंडून शब्द आला तो एवढासा.

"ठोंब्या."

स्वयंपाकघराचे शब्द बघणाऱ्या बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"या सुरात कुणी शिवी देत नाही," सर म्हणाले. "साक्ष अमान्य."

माझाच गळा मला दगा देऊन बसला होता.

"सर, थांबा," तो म्हणाला. "मैदानावर सगळ्यांसमोर यांनी दिली तेव्हा शिवीच होती. मी स्पष्ट ऐकली. यांचीच काय, इतकी वर्षं सगळ्यांच्या ऐकतोय." आणि मग हा लाजाळू माणूस, निकाल वाचून दाखवावा तसा, मला माहीत असलेल्या आणि माझ्याही कानावर कधी न आलेल्या शिव्या एकामागून एक म्हणत गेला. कोणी दिली, कशावरून दिली, सगळं. बाईंचा हात लिहिता लिहिता थांबेना. एकदोन ठिकाणी त्यांनी ऱ्हस्व की दीर्घ तेही विचारून घेतलं.

सर हरले होते, पण सुखासुखी सोडतील तर ते सर कसले. "मग आत्ता या तुम्हाला जे म्हणाल्या, ते काय होतं?"

तो माझ्याकडे बघत राहिला. "ते... त्यांनीच सांगावं."

वृत्तांत छापला जाणार होता. आई वाचणार होती, आत्या तर नक्कीच. मी मान वर केली.

"आत्ता मी प्रेमानं म्हणाले, सर. तसंही म्हणतात. तेही लिहून घ्या. दोन्हीची साक्षीदार मीच आहे."

विभाग राहिला. त्याची शिट्टी आठवड्याच्या आत गेली. ती संघटनेच्या कचेरीत ठेवून तो बाहेर आला, तेव्हा मी पायरीवर वाट बघत बसले होते. तो शेजारी बसला. मी त्याचा हात हातात घेतला. रस्त्यावरून जाणारे बघत होते, बघोत बापडे.

"आता पंच नाहीस," मी म्हणाले. "आता तरी खरं सांग. त्या दिवशी चेंडू हाताला लागला होता की नाही?"

"लागला असणार. सगळेच म्हणत होते."

"मग शिट्टी का नाही मारलीस?"

त्यानं मान खाली घातली. "पहिल्या रांगेत एक मुलगी एकटीच हसत होती... मी तिकडे बघत होतो."

"ठोंब्या," मी म्हणाले. आणि या खेपेला ऐकू न आल्याचं सोंग त्यानं केलं नाही.