गाण्यात राहिलेलं हसू

"चोर आहात तुम्ही! लोकांच्या चाली ढापता आणि वर काचेच्या केबिनमध्ये मिरवता!"

दार ढकलताच तिनं तोफ डागली. संगीत कंपनीचे साहेब भेटत नव्हते, म्हणून आज ती कुणाला न जुमानता थेट आत घुसली होती. पण समोर साहेब नव्हतेच. गळ्यात हेडफोन अडकवलेला एक काटकुळा तरुण दचकून उभा होता, आणि हातातला चहा त्याच्याच शर्टावर सांडला होता.

"मी... साउंडवाला," तो म्हणाला. "ढापायचं राहू द्या, मला इथे साधा चहासुद्धा मागून मिळत नाही. मिळाला तो हा असा!"

तिला हसू फुटलं. राग होता तिथेच, तरी फुटलं. त्यानं मात्र कान टवकारले.

"पुन्हा हसा ना..."

"फाजीलपणा नको!"

"फाजीलपणा नाही हो. हे हसू मी ओळखतो."

आपली चाल तिनं स्वतः गुणगुणून, फोनवर रेकॉर्ड करून साहेबांना दिली होती. मध्येच शब्द विसरली, हसली, पुन्हा सूर धरला. "कळवतो," साहेब म्हणाले. कळवलं ते थेट चित्रपटानंच! चाल हिची आणि पडद्यावर नाव साहेबांच्या मेहुण्याचं. आळस तर इतका, की सुरुवातीचं गुणगुणणंही हिचंच उचललेलं. नायिकेसाठी गाणाऱ्या गायिकेचं म्हणून खपवलं, बस्स.

"ते हसू पुसून टाक, असा हुकूम होता," तो म्हणाला. "मी नाही पुसलं. आवाज बारीक करून गाण्यातच ठेवलं. कान देऊन ऐकलं की येतं."

"का ठेवलंत?"

"आवडलं म्हणून," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

मग तिनं कंपनीवर केलेली केस, कोर्ट. तारखांवर तारखा. बाहेरच्या बाकावर दोघं शेजारी बसायची, मध्ये तिची पर्स. हळूहळू पर्स मांडीवर गेली.

"साक्ष दिलीस तर नोकरी जाईल तुझी."

"जाऊ दे."

"जाऊ दे काय? आई म्हणेल, कार्टीनं चाल घालवली आणि जावई आणला तोही बेकार!"

"जावई...?"

"गप्प बस! मी चिडलेय आत्ता!"

तो साक्षीला उभा राहिला तेव्हा कंपनीचा वकील गालातल्या गालात हसला. "तुम्ही या बाईंच्या प्रेमात आहात. खरं ना?"

"हो."

"म्हणजे प्रेमापोटी खोटं बोलताय!"

"उलटं आहे, वकीलसाहेब. तुमच्या कंपनीनं मला ते रेकॉर्डिंग दिलं, तेव्हाच मी त्या हसण्याच्या प्रेमात पडलो. हिचा चेहराही तोवर पाहिला नव्हता. गायिकेला भेटलो, तिचं हसू ते नव्हतं. मग हिचं हसू कंपनीत आणलं कुणी?"

वकिलाचं हसू मावळलं. साहेब खाली मान घालून मोबाइल चाळू लागले.

ती ताडकन उठली. डोळे भरलेले, आवाज मात्र धारदार. न्यायाधीशांनी खाली बसायची खूण केली, तिला ती दिसलीच नाही.

"तू थांब, तुझ्याकडे नंतर बघते," ती त्याला म्हणाली आणि साहेबांकडे वळली. "फोन ठेवा खाली. त्यानं भर कोर्टात मनातलं सांगितलं, लाजला नाही. आता तुम्ही बोला, साहेब. सगळ्यांसमोर, माझ्याकडे बघून... चाल कुणाची?"